शिंकेच्या आदल्या दिवशी

सोलो शहरात पेपे ओढ्याच्या काठाला आमची गल्ली आहे, आणि गल्लीतल्या प्रत्येक पाठीची खडान्‌खडा माहिती म्हाताऱ्या पारिनेमला आहे. तोंडं ती विसरते. नावांचा तर दर वेळी घोळ घालते, थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारते आणि वर त्यालाच रागावते. पण पाठ एकदा डोळ्यांखालून गेली की कायमची लक्षात. सायकलरिक्षावाल्या गितोच्या उजव्या खांद्याखाली तीळ आहे, गल्लीप्रमुखाच्या कमरेवर जुन्या गळवाचा वण आहे, हे सांगायला तिला आठवावंही लागत नाही.

पाठी खरवडणं हाच तिचा चाळीस वर्षांचा उद्योग. सर्दी, कणकण, अंग मोडून येणं, या सगळ्याला आमच्याकडे एकच नाव आहे: अंगात वारा शिरला. वारा शिरलेला माणूस पारिनेमच्या ओसरीवर येऊन पालथा पडतो. ती पाठीला खोबरेल तेल चोळते आणि आईकडून आलेलं, डच अमलातलं जाडजूड तांब्याचं नाणं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तिरकं ओढत जाते. लालभडक रेघा उठतात. जितकी रेघ लाल, तितका वारा निघाला. माणूस 'आई गं' करत उठतो, आल्याचा काढा पितो आणि हलका होऊन घरी जातो.

लग्नसुद्धा तिने पाठ बघूनच केलं. आई तापाने आडवी झाली होती, म्हणून नाणं पहिल्यांदा तिच्या हातात आलं, आणि समोर पालथा पडला होता मृदंग वाजवणारा सार्जू. त्याच्या पाठीवर रेघा इतक्या सरळ आणि ठसठशीत उठल्या की पारिनेमने तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. तोंड मागाहून पाहिलं. "तोवर उशीर झाला होता," असं ती आजही सांगते, तेही सार्जू शेजारी बसलेला असताना. सार्जू म्हणतो, माझं त्याहून वाईट झालं, मी तर पालथाच होतो.

पारिनेमचा एक कायदा होता. वारा आत आहे तोवर तो तुझा एकट्याचा. खरवडून बाहेर काढला की गल्लीचा. म्हणून पाठ खरवडल्यावर तीन दिवस घराबाहेर पडायचं नाही, लेकरांना उचलायचं नाही, पेला वेगळा ठेवायचा. खरवडण्याआधी मात्र हवं तिथे हिंडा, वारा कुलूपबंद आहे. कायदा असा सोयीचा असल्यावर तो कोण मोडेल? लोक नाक गळत असताना लग्नं उरकायचे, जेवणावळीत वाढायला उभे राहायचे, पोरांचे गाल हुंगायचे, आणि सगळं आटोपलं की पारिनेमकडून पाठ लाल करून घेऊन तीन दिवस शहाण्यासारखे घरात बसायचे. सर्दी दर वेळी गल्लीभर फिरून यायचीच. पारिनेम म्हणायची, माझे तीन दिवस नसते तर बघा काय झालं असतं. आणि सगळे मान डोलवायचे.

तर अशा या पारिनेमला नातू झाला. एकुलत्या एक लेकीला, रिस्माला, लग्नानंतर नऊ वर्षांनी. पारिनेमच्या आनंदाला काही पारावारच राहिला नाही. रिस्माचं घर समोरच, आणि गल्ली इतकी अरुंद की दोन बायका छत्र्या उघडून समोरासमोर आल्या तर एकीला मिटावी लागते. रोज सकाळी पारिनेम गल्ली ओलांडायची, बाळाला न्हाऊ घालायची, कापडात गुंडाळून त्याची सुबक पुरचुंडी करायची आणि परत येताना तिचे पाय काही जमिनीला लागत नसत.

आरोग्य केंद्राच्या सुईणबाई, बू विदारती, यांनी रिस्माच्या दारावर एक कागद लावायला दिला होता: सर्दी, खोकला, घसा धरलेल्यांनी आत येऊ नये, एवढ्या लहान जिवाला साधी सर्दीही जड जाते. तो कागद भाताच्या खळीने कुणी चिकटवला? पारिनेमनेच. वाऱ्याबद्दल तिला कुणी शिकवायला नको होतं.

आता सगळे डोळे पस्तिसाव्या दिवसाकडे लागले होते. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवार फिरत असतात; पस्तिसाव्या दिवशी जन्माचा वार आणि जन्माचा बाजारवार पुन्हा एकत्र येतात, बाळाचे पहिले केस कापतात, शेजारपाजार जेवतो. आणि केस कापताना बाळ आजीच्या मांडीवर असतं. पारिनेमने त्यासाठी नवं तपकिरी लुगडं आणून ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा ती मांडी घालून बसून बघायची. सार्जू विचारायचा, मांडी आहे का अजून जागेवर?

फक्त आज्या दोन होत्या. दुसरी आजी म्हणजे विहीणबाई कुस्मियाती, क्लातेन गावच्या, शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना बू गुरू म्हणत. समारंभ रविवारचा, त्या आदल्या रविवारीच येऊन थडकल्या, आणि सोमवारी पहाटे पारिनेम गल्ली ओलांडून जाते तो बाळ न्हाऊन, पावडर लावून, गुंडाळून तयार. बू गुरू म्हणाल्या, "यू, तुम्ही रोज दमता. आता मी आहे ना." यू म्हणजे ताई. एवढ्या गोड शब्दात इतकं विष पारिनेमने कधी ऐकलं नव्हतं. ती उंबऱ्यावरूनच परतली आणि दिवसभर फुगून बसली, समोर फिरकलीच नाही.

संध्याकाळी बू गुरू स्वतःहून समेटाला आल्या. समारंभाला गुळाची लाल पेज आणि नारळाच्या दुधाची पांढरी पेज लागते. पारिनेम ती करून बघत होती. गूळ कमी की जास्त यावर दोघींचं एकमत होईना. एकाच डावाने आळीपाळीने दोघींनी सात वेळा चाखली, डोक्याला डोकं लावून, आणि शेवटी गूळ होता तेवढाच ठेवला. बू गुरू गेल्या आणि पारिनेमचा घसा जरा खवखवला. गुळाने असेल, असं तिला वाटलं.

मंगळवारी सकाळी तिला लागोपाठ चार शिंका आल्या. सार्जू म्हणाला, उताणी काय पडलीस, पालथी हो, आज मी खरवडतो. पारिनेमने नाणं त्याच्या हातून हिसकावून डब्यात टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. रविवारपर्यंत पाठीला हात लावायचा नाही. वारा आत कोंडून ठेवायचा, समारंभ उरकायचा, बाळ मांडीवर घ्यायचं, आणि मग खुशाल खरवडायचं. आपल्या हुशारीवर खूश होत, पदराने नाक पुसत ती गल्ली ओलांडून रिस्माच्या दाराशी गेली.

दारात बू विदारती स्कूटर लावत होत्या. पारिनेमने त्यांना अभिमानाने सांगून टाकलं, की काळजी करू नका, सर्दी आहे पण खरवडलेलं नाही, वारा अगदी बंद आहे. बू विदारतींनी स्कूटर तशीच सोडली, ती भिंतीवर कलली, आणि दोन्ही हात पसरून त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"म्बाह, बाळासाठी आजच्याइतक्या तुम्ही कधीच वाईट नव्हता," त्या म्हणाल्या; म्बाह म्हणजे आजी. "शिंक येते त्याच्या आदल्या दिवसापासून पुढचे दोन-तीन दिवस, तेव्हाच सर्दी सगळ्यात जास्त पसरते. मग जोर उतरत जातो. तुमच्या पाठीवर रेघा आहेत की नाहीत, याचा तिला पत्ताही नसतो."

पारिनेमने वाद घातला. चाळीस वर्षांचा दाखला दिला. बू विदारतींनी तिला मास्क दिला, हात धुवायला सांगितले, आठवडाभर बाळाजवळ फिरकायचं नाही असं बजावलं, सार्जूलाही तेच लागू केलं, आणि त्या दुसऱ्या गल्लीत एका बाळंतपणाला निघून गेल्या. रविवार पाच दिवसांवर होता. पारिनेम आपल्या ओसरीच्या बाकावर येऊन बसली आणि मनसोक्त रडली, तिला शिंका कुठल्या आणि हुंदके कुठले हेही कळेना.

रडून झाल्यावर माणूस विचार करतो. काल सकाळी आपण बाळाला हात लावला नाही, हे तिच्या ध्यानात आलं. विहीणबाईंनी आंघोळ हिसकावली नसती तर आदल्या दिवसाचा सगळा वारा बाळाच्या तोंडावर गेला असता. तिने मनातल्या मनात विहिणीचे पाय धरले. आणि पाय धरता धरताच तिला तो डाव आठवला. एकाच डावाने सात वेळा. म्हणजे आता बू गुरू पडणार. उद्या नाहीतर परवा. आणि पडायच्या आदल्या दिवशी, ठणठणीत असताना, त्या बाळाला न्हाऊ घालत असणार.

तिने बू विदारतींना फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग रिस्माला लावला. रिस्मा बिचारी आईला कुजबुजली, "इबू, मी सासूबाईंना कसं सांगू? धडधाकट आहेत त्या." खरंच होतं. ते सुनेने सांगण्यासारखं नव्हतं. मग पारिनेम मास्क लावून स्वतःच्या ओसरीच्या कडेला उभी राहिली आणि समोर हाक दिली. बू गुरू खांद्यावर बाळाचा टॉवेल घेऊन दारात आल्या. गल्लीतल्या सात-आठ बायका भाज्या चिरायचं सोडून आपापल्या दारात आल्या, आणि गितोने रिक्षा थांबवली.

"बू गुरू, आतापासून बाळाला हात लावू नका. तुम्हाला सर्दी झाली आहे."

"मला काहीही झालेलं नाही."

"झालेलं नाही, तेच तर वाईट आहे."

गल्ली हसली. बू गुरू हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "यू, तुम्हाला दारातून परत पाठवलं म्हणून आता मलाही बाहेर ओढताय का?" त्यांना वाटत होतं की सुंठेवाचून खोकला गेला, मांडीचा प्रश्न सुटला, आता हा खोकला गल्लीच्या पलीकडून परत येत होता. पारिनेमने आपलं मन चाचपून पाहिलं, तर मत्सर होता थोडा, नाही असं नाही. पण भीती त्याच्याहून मोठी होती.

मग तिने जे केलं ते आमच्या गल्लीत आजवर कुणी केलेलं नाही. ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बायांनो, चाळीस वर्षं मी तुम्हाला उलटं सांगत आले. तुम्हाला बाहेर सोडायचं तेव्हा मी कोंडलं, आणि कोंडायचं तेव्हा बाहेर सोडलं."

गितो हळूच म्हणाला, "म्हणजे म्बाह, माझ्या मेव्हणीच्या लग्नात सगळे आजारी पडले, ते..."

"तूच पाडलेस."

गितो ओशाळला, पण बू गुरूंचे कान टवकारले. शिंका कधी सुरू झाल्या, असं त्यांनी त्याला विचारलं. लग्नाच्या दिवशी सकाळी, तो म्हणाला. खरवडलं कधी? लग्नानंतर तीन दिवसांनी. आणि बाकीचे कधी पडले? त्याच दिवशी, तो म्हणाला, मी पाठ खरवडून घेत होतो तेव्हा माझ्या मागे अकरा जण रांगेत होते. बू गुरूंनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तेहेतीस वर्षं त्यांनी पोरांना सांगितलं होतं की उत्तर आवडलं नाही म्हणून बेरीज चुकत नाही. आता ती बेरीज त्यांच्याच पुढ्यात येऊन बसली होती. पण सगळ्या गल्लीदेखत टॉवेल खाली कसा ठेवायचा?

तो पारिनेमने ठेवू दिला. ती म्हणाली, "पैज लावू. तुम्ही माझ्या घरी राहायला या. शनिवारपर्यंत शिंक आली नाही तर रविवारची मांडी तुमची, आणि यापुढच्या सगळ्या मांड्या तुमच्या. मी ब्र काढणार नाही." बू गुरूंनी टॉवेल दाराच्या कडीला अडकवला, हात धुतले आणि पिशवी घेऊन गल्ली ओलांडली.

पुढचे दोन दिवस गल्लीला दुसरं काम नव्हतं. सगळ्यांचे कान पारिनेमच्या घराकडे. बुधवारी बू गुरू ठणठणीत होत्या, मुद्दाम मोठ्याने गाणं गुणगुणत होत्या. पारिनेम आतल्या खोलीत नाक शिंकरत होती आणि देवाकडे दुसऱ्याच्या शिंकेची भीक मागत होती. आपण हे काय मागतोय, असं वाटून तिची तिलाच लाज वाटायची आणि हसूही यायचं. मध्ये सार्जू, पिंजऱ्यातल्या होल्यांना दाणे घालत दोघींचे निरोप पोहोचवत होता. इथून पाणी हवंय, तिथून विचारलंय अजून शिंक कशी नाही.

गुरुवारी दुपारी जेवताना बू गुरूंनी अचानक घास खाली ठेवला, वर छताकडे पाहिलं, नाक चिमटीत धरलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थोपवून धरलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. अशी शिंक आली की होले पंख फडफडवत गजांवर आदळले आणि समोरच्या घरात रिस्माने खिडकी उघडली. "मिरपूड," बू गुरू म्हणाल्या. जेवणात मिरपूड नव्हती. मग दुसरी आली, तिसरी आली, सार्जू मोठ्याने मोजत होता आणि बाहेर गल्ली त्याच्या सुरात सूर मिसळून मोजत होती. पारिनेम आतून धावत आली, टाळ्या पिटत, गालांवरून पाणी गळत. लेकीच्या लग्नातही ती इतकी नाचली नव्हती. आठव्या शिंकेनंतर बू गुरूंनी नाक पुसलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"यू," त्या म्हणाल्या, "काल सकाळी मी त्याला न्हाऊ घातलं असतं. रोज न्हाऊन झालं की मी त्याचं तोंड हुंगते."

पारिनेमच्या टाळ्या थांबल्या. दोघी जणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आता त्याने काही बिघडणार नव्हतं. थोड्या वेळाने पारिनेमने डब्यातून नाणं काढलं. खरवडल्याने सर्दी पसरत नाही आणि थांबतही नाही, हे तिने आता मान्य केलं होतं, पण अंग हलकं होतं ते होतंच. बू गुरू निमूटपणे पालथ्या झाल्या. गणिताच्या बाईंची पाठ ती. रेघा अशा उठल्या, वहीत पट्टीने मारल्यागत, एकसारख्या अंतरावर. पारिनेम म्हणाली, तुमची पाठ आधी पाहिली असती तर मी तुमच्याशी भांडलेच नसते.

रविवारी बाळाचे केस रिस्माच्या मांडीवर कापले गेले. दोन्ही आज्या समोरच्या बाकावर मास्क लावून, नवी लुगडी नेसून बसल्या होत्या, आणि रिस्माने बाळाला उंच धरून दोघींना दाखवलं. ते झोपेत होतं, नाक कोरडं, गाल टवटवीत. शेजाऱ्यांनी पेजेचे दोन वाडगे बाकाच्या टोकाला आणून ठेवले. दोघींनी दोन वेगळ्या चमच्यांनी खाल्ली आणि पुढच्या पस्तीस दिवसांनी हा वार आणि बाजारवार पुन्हा जुळतील तेव्हाचा करार केला: दोघींनी शेजारी शेजारी बसायचं, बाळ दोघींच्या मांड्यांवर आडवं. डोकं कुणाकडे आणि पाय कुणाकडे, यावर मात्र पेज संपली तरी एकमत झालं नाही.

ते पस्तीस दिवस आले तसे गेले. शेवटचे पाच दिवस पारिनेमने ओसरी बंद ठेवली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. समोरचा धडधाकट माणूस उद्या शिंकणार आहे की नाही हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं नसतं, असं तिचं म्हणणं. दुखऱ्या पाठी घेऊन लोक यायचे आणि सार्जू त्यांना फाटकावरूनच वळवायचा: म्हातारी मांडी सांभाळत बसली आहे, रविवारनंतर या. खरं तर हा नवा कायदा आता गल्लीच मोडू देत नव्हती. कुणाचा घसा खवखवला की तो आपणहून सांगायचा आणि घरी बसायचा, आणि बायका त्याला वाटीतून आमटी पाठवायच्या.

त्या रविवारी सकाळी पारिनेम तपकिरी लुगडं नेसून रिस्माच्या घरात चटईवर जाऊन बसली. हात कोपरापर्यंत धुतलेले. शेजारी विहीणबाईंची जागा राखलेली. आणि क्लातेनहून फोन आला. रिस्माने तो आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"यू, घसा खवखवतोय," बू गुरू म्हणाल्या. "शिंक नाही अजून. काहीच नाही. गाडीत बसले होते, उतरून परत आले."

एकही शिंक नाही. कुणाला कळलंही नसतं. आता मांडी पारिनेमची, एकटीची, पैज न लावता, भांडण न करता. पस्तीस दिवसांपूर्वी ती आनंदाने नाचली असती. आज ती उठून एक उशी घेऊन आली.

ती तिने शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. रिस्माकडून बाळ घेतलं, त्याचं डोकं उशीवर टेकवलं आणि पाय तेवढे आपल्या मांडीवर घेतले.

"ऐका बू गुरू," ती फोनला म्हणाली, "डोकं तुमच्याकडेच दिलं आहे. पुढच्या वेळी येऊन उशी उचला."

बाळाने जांभई दिली आणि नव्या लुगड्यावर सणसणीत लाथ मारली.